सुवर्णकणांचा आकार आणि प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर : एक ऐतिहासिक आढावा

धातूचे अतिसूक्ष्म कण शोषलेल्या प्रकाशाचे उष्णतेत रूपांतर करतात. कोणत्या रंगाचा प्रकाश शोषला जाईल, हे बऱ्याच अंशी कणाच्या आकारावर ठरते. या ज्ञानाचा इतिहास मात्र सरळ रेषेत घडलेला नाही.

१८५७ मध्ये मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे सोन्याच्या लाल द्रावाचे विवेचन केले व हा रंग सूक्ष्म सुवर्णकणांमुळे येतो, असे प्रतिपादन केले. १९०८ मध्ये गुस्ताव मी यांनी गोल कणांकडून होणाऱ्या शोषणाचे व विकिरणाचे गणित मांडले. १९१२ मध्ये रिचर्ड गान्स यांनी लंबगोल कणांचा विचार केला. कण लांबट झाला की शोषण अधिक तरंगलांबीकडे सरकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

तरीही पुढील अनेक दशके या सिद्धान्ताचा व्यावहारिक उपयोग झाला नाही. कारण हवा तो आकार घडविण्याची खात्रीशीर पद्धत हाती नव्हती. १९९८ मध्ये राइस विद्यापीठात नाओमी हॅलास यांच्या गटाने सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचे कवच चढविले. २००१ मध्ये कॅथरीन मर्फी यांच्या गटाने बीजकणांपासून सुवर्णदंड वाढविले. लहान गोल कणांचे शोषण सुमारे ५२० नॅनोमीटरला होते; कवच व दंड यांचे शोषण मात्र ऊतींत अधिक खोल जाणाऱ्या निकट-अवरक्त प्रकाशात आणता येते. २००३ मध्ये अशा कवचांनी उंदरांतील अर्बुदे तापविण्यात आली. २०१९ मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावरील प्राथमिक मानवी चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

सिद्धान्ताला रासायनिक कौशल्याची वाट पाहावी लागली. म्हणूनच या इतिहासात परीक्षानळीचे स्थान गणिताच्या बरोबरीचे मानणे उचित ठरते.