पालवणकर बंधू आणि कर्णधारपद



खेळाच्या चित्रपटांचा एक साचा आता आपणा सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. एक गुणी खेळाडू असतो. रंगामुळे किंवा जातीमुळे त्याला कोणी संघात घेत नाही. मग एखादा भला शिक्षक किंवा कप्तान पुढे होतो, चार कडक शब्द सुनावतो, बाकीचे खजील होतात. आणि अखेरच्या सामन्यात तोच खेळाडू संघाची लाज राखतो. जॅकी रॉबिन्सन या काळ्या बेसबॉलपटूवरचा '४२' हा २०१३ सालचा अमेरिकन चित्रपट घ्या, किंवा २००१ सालचा आपला 'लगान' घ्या. 'लगान'मधल्या कचऱ्याला गाव शिवून घेत नाही, आणि त्याच्याच फिरकीने गाव तरून जाते. हे चित्रपट पाहताना माणसाचे डोळे भरून येतात, आणि त्यात काही गैर नाही. परंतु पडदा पडल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो. सामना जिंकला, दुसऱ्या दिवशी त्या खेळाडूला पंगतीत जागा मिळाली काय? आणि पुढे कधी तो संघाचा कप्तान झाला काय?

या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे, आणि ते ज्या घराण्याच्या इतिहासात आहे त्याचे आडनावच कोकणातल्या पालवण गावावरून आले आहे. पालवणकर हे चर्मकार समाजातले कुटुंब. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे थोरल्या बाळूंचा जन्म धारवाडला झाला आणि वाढ पुण्यात झाली. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चौघेही भाऊ नामांकित क्रिकेटपटू झाले.

'लगान'ची कथा १८९३ सालात घडते. बरोबर त्याच सुमारास खरे बाळू पालवणकर पुण्याच्या युरोपियन क्लबाच्या मैदानावर नोकरीला होते. त्याआधी पारशांच्या क्लबात झाडलोट करून आणि खेळपट्टीवर रूळ फिरवून त्यांना महिना तीन रुपये मिळत. गोऱ्यांच्या क्लबात चार मिळू लागले. काम तेच, अधिक साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे. ग्रेग नावाचा तिथला नामवंत फलंदाज तासन्तास त्यांची गोलंदाजी खेळून आपली फलंदाजी घोटून घेत असे. आपल्याला बाद केल्यास तो दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. मात्र बाळूंच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा मालकांचा खेळ होता. चेंडू टाकणे ही चाकरी होती. कामगार चळवळीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ही श्रमविभागणी कोणी समजावून सांगावी लागत नाही.

पुढे पुण्यातल्या हिंदू क्रिकेटपटूंना गोऱ्यांच्या क्लबाला हरवायचे होते, आणि त्यासाठी बाळूंच्या डाव्या हाताच्या फिरकीवाचून गत्यंतर नव्हते. बरीच भवति न भवति होऊन त्यांना संघात घेतले गेले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दार उघडले ते कोणाच्या भाषणाने नव्हे, तर गरजेने; आणि गरजेपुरतेच उघडले. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंनी हाताळलेला चेंडू बिनदिक्कत झेलत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना चहा मंडपाबाहेर मिळे, तोही वेगळ्या मातीच्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

१८९६ च्या प्लेगनंतर बाळू मुंबईस आले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंनी आठ बळी घेतले, आणि शिवरामही त्याच संघात होते. मुंबईत आता सोबतचे खेळाडू त्यांच्या पंगतीला बसू लागले होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. बाळूंचे वय तेव्हा पस्तिशीचे होते. त्या एका दौऱ्यात त्यांनी ११४ बळी मिळवले. चित्रपट असता तर तो येथे संपला असता. बोट मुंबईच्या धक्क्याला लागते आहे, गळ्यात हार पडत आहेत, आणि पडद्यावर अक्षरे उमटू लागली आहेत.

खरा इतिहास येथून पुढे अधिक बिकट होतो. संघातला सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू कप्तान व्हावा, हा साधा न्याय. पण वर्षामागून वर्षे गेली आणि चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे कर्णधारपद दुसऱ्यांकडेच राहिले. १९१३ सालचे कप्तान पै यांनी तर आपल्याच सत्काराच्या वेळी, हा मान खरे म्हणजे बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. कप्तान भला होता, शब्दही भले होते. निवड करणाऱ्यांवर त्याचा परिणाम झाला नाही. चित्रपटात जे एका भाषणाने घडते ते येथे घडले नाही.

मग घडले कशाने? १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले. पै आजारी पडले, तेव्हा कप्तानपद प्रा. देवधर यांच्याकडे गेले; विठ्ठल आणि शिवराम यांचा विचार झाला नाही. त्यावर या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले, आणि हा अन्याय जातीपायी होत आहे, असे जाहीर पत्रक काढून लोकांना सांगितले. आमच्या भाषेत याला संप म्हणतात. दोन उत्तम फलंदाजांवाचून संघ उभा करणे निवडकर्त्यांना जड गेले. पुढच्या सामन्यासाठी भावांना परत बोलावणे आले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. आणि त्या सामन्यात पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, जेणेकरून संघाची सूत्रे बाळूंच्या हाती यावीत. तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली चार वर्षांत संघाने तीनदा स्पर्धा जिंकली. आपल्या गावचे पतितपावन मंदिर उघडले १९३१ साली. त्याच्याही आठ वर्षे आधीची ही घटना आहे.

आता अमेरिकेकडे पाहा. जॅकी रॉबिन्सन १९४७ साली वरिष्ठ बेसबॉलमध्ये उतरला. त्या खेळात संघ चालवणारा व्यवस्थापक असतो. ऑक्टोबर १९७२ मध्ये, मृत्यूपूर्वी अवघ्या नऊ दिवस आधी, आपल्याला एखादा काळा माणूस संघ चालवताना पाहायचा आहे, असे त्याने हजारो प्रेक्षकांसमोर सांगितले. त्याला ते पाहायला मिळाले नाही. पहिला काळा व्यवस्थापक प्रत्यक्ष संघ चालवू लागला तो १९७५ साली. १९४७ ते १९७५ ही अठ्ठावीस वर्षे. बाळू मुंबईस निघाले तेव्हापासून विठ्ठल कप्तान होईपर्यंत सत्तावीस. दोन देश, दोन खेळ, एकीकडे वर्ण आणि दुसरीकडे जात. परंतु मैदानात घेणे आणि सूत्रे हाती देणे यांतले अंतर दोन्हीकडे जवळजवळ एका पिढीचे आहे.

आणि हा केवळ साहेबांचा किंवा जिमखान्यांचा दोष समजू नये. या जिल्ह्यातली हजारो माणसे ज्या मुंबईच्या गिरण्यांत राबली आणि जिथून मनिऑर्डरी येऊन इथली घरे चालली, त्याच गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना विणखात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि तिथे विटाळ आडवा येई. विणखात्यात मजुरी अधिक. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. लाल बावट्याखालीही कपाला विटाळ होता, हे आम्हा चळवळीतल्या लोकांना विसरून चालणार नाही.

बाळूंचे उत्तरायुष्यही कोणत्या साच्यात बसत नाही. १९३२ च्या पुणे कराराच्या घडामोडींत ते होते. १९३७ साली काँग्रेसतर्फे ते मुंबई विधानसभेसाठी खुद्द डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. ही भूमिका कोणाला पटेल, कोणाला पटणार नाही. पण स्वतःची राजकीय मते असणारा माणूस हा पडद्यावरच्या मुक्या, कृतज्ञ नायकाहून अधिक मोठा असतो, असे मला वाटते. १९५५ साली ते वारले. धाकट्या विठ्ठलांनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत लिहून ठेवले. खेळाडूने स्वतःची हकीकत स्वतः सांगावी, हेही एक कर्णधारपदच आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, असे चित्रपट जरूर पाहावेत, मुलाबाळांना दाखवावेत. परंतु गुण असले की अन्याय आपोआप वितळतो, असा धडा त्यांतून घेऊ नये. बाळूंच्या गुणांनी त्यांना चेंडू मिळवून दिला. कर्णधारपद मिळाले ते भावांनी एकमेकांसाठी खेळणे थांबवले तेव्हा. आपल्या गावातल्या संघांत, पेढ्यांत, संस्थांत आज कोण राबतो हे आपण पाहतोच. त्याबरोबर कोण ठरवतो, हेही पाहण्याची सवय आपण लावून घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.