शर्यतीची मोटार आणि शहराची हवा



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने शर्यतीच्या मोटारींवर बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. जी मोटार विकत घेण्याची गोष्ट सोडाच, पण जिच्यात बसण्याचा योगही आपल्यातल्या बहुतेकांना येणार नाही, तिच्याशी आपले देणेघेणे काय? माझे देणेघेणे आहे ते एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे ‘अशक्य’. वाटाघाटींच्या टेबलावर हा शब्द मी पुष्कळ वेळा ऐकला आहे. कामाचे तास कमी करा म्हटले की अशक्य; धूळ ओढून घेणारा पंखा बसवा म्हटले की अशक्य; आणि कायदा झाला की दोन वर्षांत तीच गोष्ट शक्य होते, इतकेच नव्हे तर ती आपणच सुचवली होती असेही मालक सांगू लागतो. या शब्दाचा सबंध इतिहास एका शहरात घडलेला पाहावयाचा असेल, तर लॉस एंजेलिसकडे पाहावे. शर्यतीसारखी धावणारी मोटार रस्त्यावर कायदेशीर कशी ठेवावी आणि तिचा धूर कायद्यात कसा बसवावा, हे दोन्ही प्रश्न त्याच शहरात उभे राहिले.

प्रथम वेगाची बाजू पाहू. लॉस एंजेलिसच्या पलीकडे वाळवंटात कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट भूमी आहेत. जुन्या मोटारी स्वस्तात घ्यावयाच्या, त्यांचे जादा वजन उतरवायचे, इंजिन आपल्या हाताने सुधारायचे आणि या भूमीवर भरधाव सोडायचे, हा तेथील तरुण मिस्त्र्यांचा १९३० नंतरचा छंद होता. त्यांची संघटना १९३७ साली झाली, त्यांचे मासिक १९४८ साली निघाले. हा श्रीमंतांचा खेळ नव्हता. गॅरेजमध्ये नाहीतर कारखान्यात दिवसभर काम करणाऱ्या पोरांनी रात्री जागून उभा केलेला तो खेळ होता.

याच वातावरणात कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या गृहस्थाने आपला कारखाना काढला. १९५९ साली त्याने फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे हृदयविकारामुळे त्याला शर्यती सोडाव्या लागल्या. १९६४ साली फोर्ड कंपनीने मस्टंग ही मोटार बाजारात आणली. तिला शर्यतीत नाव मिळावे अशी कंपनीची इच्छा होती. परंतु स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेचा नियम आडवा येत होता. त्या वर्गात धावणारी मोटार दुकानातून सामान्य गिऱ्हाइकाला विकली जाणारी असली पाहिजे, तशा निदान १०० मोटारी बनलेल्या असल्या पाहिजेत आणि ती दोन आसनांची असली पाहिजे. मस्टंगला तर मागे बाक होते.

शेल्बीच्या माणसांनी काय केले ते ऐकण्यासारखे आहे. मागचे बाक काढून तेथे फायबरग्लासची फळी बसवली आणि तिच्यावर स्टेपनी ठेवली. झाली दोन आसनांची मोटार! पुढच्या चाकांचे वरचे दांडे एक इंच खाली घेतले, बॉनेट हलके केले, मोठा कार्बोरेटर बसवला. ४.७ लिटरचे इंजिन २७१ अश्वशक्तीवरून ३०६ वर नेले. बॅटरी मागच्या डिकीत नेली. पण तिच्या वाफा आत येतात अशी गिऱ्हाइकांनी कुरकूर केल्यावर ती पुन्हा पुढे आणावी लागली. सायलेन्सरचे तोंड मागच्या चाकाच्या पुढे बाजूलाच काढले होते; कॅलिफोर्नियासह काही राज्यांच्या कायद्याला ते चालेना, म्हणून तेथे विकावयाच्या मोटारींना लांब नळी मागेपर्यंत न्यावी लागली. १९६५ च्या आरंभी तपासनीस आले तेव्हा १०० पांढऱ्या मोटारी रांगेने उभ्या होत्या. या मोटारीचे नाव जी.टी. ३५०. १९६५, १९६६ आणि १९६७ अशी लागोपाठ तीन वर्षे तिने आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

आता ध्यानात घ्या. ही मोटार रस्त्यावर आली ती एका नियमामुळे. ‘शर्यतीत धावायचे असेल तर रस्त्यावर विका’ हा नियम नसता, तर शेल्बीने दहा-पाच शर्यतीच्या गाड्या केल्या असत्या आणि प्रकरण तेथेच मिटले असते. नियमाने कारागिराला अडवले खरे, पण त्या अडवणुकीतूनच त्याची अक्कल चालली.

आता त्याच शहराच्या आकाशाकडे वळू. १९४३ च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असे काही तपकिरी धुके उतरले की लोकांचे डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्ध चालू असल्याने शत्रूने विषारी वायू सोडला की काय अशी काहींना शंका आली. मग कृत्रिम रबराला लागणारा माल करणाऱ्या एका कारखान्यावर ठपका आला. तो बंद केला, तरी धुके हटेना. या कोड्याचा उलगडा केला आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने. हा गृहस्थ अननसाच्या वासात कोणकोणती द्रव्ये असतात याचा अभ्यास करीत होता. तीच रीत त्याने शहराच्या हवेला लावली. १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने दाखवून दिले की मोटारींतून आणि तेलशुद्धीच्या कारखान्यांतून बाहेर पडणारी न जळलेल्या पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की त्यांतून ओझोन तयार होतो. ताणलेल्या रबराला या हवेत भेगा पडतात, हा त्याचा साधा पुरावा. तेल उद्योगाच्या पैशाने चाललेल्या संशोधनाने त्याचे म्हणणे खोडण्याचा प्रयत्न केला. पण अखेर तेच खरे ठरले.

येथून ‘अशक्य’ या शब्दाचे पुराण सुरू होते. इंजिनाच्या पोटात, पिस्टनच्या बाजूने निसटून जे वायू साठतात, ते पूर्वी एका नळीने सरळ रस्त्यावर सोडले जात. ते पुन्हा इंजिनातच ओढून जाळावे यासाठी एक लहानसा व्हॉल्व्ह पुरतो. हा साधा उपाय कॅलिफोर्नियात १९६१ च्या मोटारींवर आला. सायलेन्सरच्या धुराचे काय? मोटार कंपन्यांनी १९६४ च्या मार्चमध्ये सांगितले की १९६७ च्या आधी ते जमणार नाही. जूनमध्ये राज्याच्या मंडळाने चार साधनांना मान्यता दिली. ती बनवणारे मोटार कंपन्यांपैकी कोणी नव्हते, बाहेरचे होते. या मान्यतेबरोबर १९६६ च्या मोटारींना कायदा लागू झाला. आणि ऑगस्टमध्ये कंपन्यांनी जाहीर केले की १९६६ च्या मोटारींना आम्ही आमचेच साधन बसवू! मार्चमध्ये जे अशक्य होते ते ऑगस्टमध्ये शक्य झाले. पाच महिन्यांत विज्ञान बदलले नव्हते. दुसऱ्याचे साधन विकत घेण्याची पाळी आली होती, एवढेच. पुढे १९६९ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने, या कंपन्यांनी आपसांत संगनमत करून धूर कमी करण्याच्या साधनांना उशीर लावला, असा खटला भरला. त्याच वर्षी तडजोडीने तो मिटला. कंपन्यांनी दोष कबूल केला नाही, पण पुन्हा असे न करण्याचे बंधन स्वीकारले.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने १९७५ पर्यंत मुख्य दूषित वायू नव्वद टक्क्यांनी उतरवण्याचा हुकूम दिला. पुन्हा तोच शब्द! त्यावर जपानच्या होंडा कंपनीने आपल्या लहान गाडीत ज्वलनाची निराळी रीत बसवून १९७२ अखेर सरकारी परीक्षा पार केली. ‘लहान गाडीत जमेल, मोठ्या अमेरिकन गाडीत नाही’ असे म्हटले गेले, तेव्हा होंडाने एक मोठी आठ सिलिंडरची शेव्हरोले इम्पाला विकत घेतली, तिच्या इंजिनावर आपली रचना चढवली आणि तीही परीक्षेत उतरवून दाखवली. वादाला यापेक्षा चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

तथापि एकाच बाजूने बोलणे बरे नव्हे. कायद्यानंतरची पहिली दहा वर्षे वेगाच्या भक्तांना वाईटच गेली. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनाला ठिगळे लावून परीक्षा पार करण्याची धडपड चालली होती. १९७५ ची साधी कॉर्व्हेट, जी अमेरिकेची मानाची क्रीडामोटार, ती १६५ अश्वशक्तीवर आली. मोजण्याची पद्धत १९७२ च्या सुमारास बदलून कडक झाली होती हे जमेस धरले, तरी घसरण खरीच होती. त्या काळच्या मिस्त्र्यांचा राग मी समजू शकतो. पण राग कोणावर काढावयाचा? पंधरा वर्षे तयारी करण्याऐवजी जे नकार देत बसले त्यांच्यावर, की ज्याने शहराच्या मुलांची फुफ्फुसे राखायला सांगितले त्या कायद्यावर?

तोड निघाली ती जुन्या धुराला मागून चाळणी लावून नव्हे, तर इंजिनाच्या आतल्या जळण्याकडेच नीट लक्ष देऊन. सायलेन्सरच्या वाटेवर प्लॅटिनमसारख्या धातूंचा मुलामा दिलेली जाळी बसवली की विषारी वायूंचे रूपांतर होते. यासाठी पेट्रोलमधले शिसे काढून टाकावे लागले, कारण शिशाने ती जाळी निकामी होते. पण तिन्ही प्रकारचे वायू एकाच वेळी निवळावयाचे, तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा हे प्रमाण क्षणोक्षणी सांभाळावे लागते. व्होल्वोने १९७७ च्या कॅलिफोर्नियातील मोटारींत धुरामधील ऑक्सिजन हुंगणारा एक खुंटा बसवून हे साधले. धूर मोजणाऱ्या याच यंत्रणेने पुढे इंजिनाचे सगळे गणितच सुधारले. जनरल मोटर्सने २००९ साली जुन्या गाड्यांत बसवण्यासाठी एक तयार इंजिन जाहीर केले. ते ६.२ लिटरचे, ४३० अश्वशक्तीचे, धुराच्या सर्व साधनांसह होते. शेल्बीच्या ३०६ पेक्षा जास्त ताकद, आणि धूर त्याच्या एका लहान अंशाइतका!

म्हणून आज कॅलिफोर्नियात कोणाला शर्यतीच्या थाटाची जुनी मोटार उभारावयाची असेल, तर सरळ वाट उपलब्ध आहे. सुधारलेला भाग घ्यावयाचा तो राज्याच्या हवा मंडळाने तपासून क्रमांक दिलेला घ्यावा. इंजिन बदलायचे तर ते गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे असावे, मागचे नव्हे, आणि त्या इंजिनाबरोबर आलेली धुराची सर्व साधने त्याच्याबरोबर बसवावीत. मग सरकारी पंचाकडून तपासून घ्यावे. आडवाटाही आहेत. १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना धूरतपासणीच नाही. स्वतः बांधलेल्या नव्या गाड्यांपैकी वर्षाला पहिल्या ५०० ना, त्या ज्या जुन्या मोटारीची नक्कल असतील तिच्या काळचा नियम लागू होतो. या सवलती फार थोड्या गाड्यांना आहेत, म्हणून चालून जातात. पण खरा कारागीर सवलतीवर जगत नाही. परीक्षेला नळी लावून ती निघताच काढून ठेवणारा मिस्त्री कायद्याला फसवीत नाही. आपल्या गॅरेजात उभ्या असलेल्या पोऱ्याला फसवतो, कारण तो धूर प्रथम त्याच्या छातीत जातो.

आता आमच्या घरचा हिशेबही मांडला पाहिजे. अमेरिकेच्या मोटार कामगार संघटनेने वॉल्टर रूथर यांच्या काळात स्वच्छ हवेची बाजू घेतली, २२ एप्रिल १९७० च्या पहिल्या वसुंधरा दिनाला पैशाची मदतही केली. परंतु १९७७ साली कायद्याच्या मुदती वाढवण्याचा प्रश्न आला, तेव्हा नोकऱ्या जातील या भीतीने तीच संघटना कंपन्यांच्या शेजारी उभी राहिली. ती भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. चूल विझण्याची भीती ज्याने पाहिली आहे तो असे म्हणणार नाही. पण मालकाचा ‘अशक्य’ आपल्या तोंडाने उच्चारला की वाटाघाटीतले आपले हत्यार आपणच बोथट करतो. कामगार फाटकाच्या आत मजूर असतो आणि फाटकाबाहेर त्याच हवेत राहणारा नागरिक असतो.

आपल्याकडचे दोन शब्द सांगून पुरे करतो. शिसेविरहित पेट्रोल आणि धूर निवळणारी जाळी मुंबईसह चार महानगरांतल्या नव्या मोटारींना १ एप्रिल १९९५ पासून आली. भारत स्टेज सहाचा नियम १ एप्रिल २०२० ला आला. पन्नास वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ साली वेगळी नोंदणी निघाली. तिला दहा वर्षांची मुदत आहे. पण अट अशी की मोटार मूळ रूपात असावी आणि नेहमीच्या वाहतुकीला वापरू नये. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलमही मनास येईल तसा बदल करू देत नाही. म्हणजे आपला कायदा जुने रूप राखतो. इंजिन बदलून जुनी गाडी स्वच्छ करण्याची कॅलिफोर्नियाची वाट आपल्याकडे जवळजवळ बंद आहे. आपल्या गल्लीगल्लीतल्या मिस्त्र्यांचा हात पाहिला की वाटते, परीक्षा कडक ठेवून ही वाट उघडली तर ते मागे राहणार नाहीत. मात्र ती वाट आधी धूर मोजून उघडली पाहिजे, डोळे मिटून नव्हे.

लॉस एंजेलिसचे आकाश आजही पूर्ण निर्मळ नाही. पण तेथे मोटारी कितीतरी वाढल्या तरी १९५५ चे ते डोळे झोंबवणारे दिवस राहिले नाहीत, आणि मोटारीही मंदावल्या नाहीत. पुढच्या खेपेस कोणी आपल्याला एखादी गोष्ट अशक्य आहे असे सांगितले, तर रागावू नका. त्याला शांतपणे एवढेच विचारा: किती महिन्यांसाठी?