काँगो खोऱ्यातील वने आणि हवामानबदल
अमेझॉनच्या खालोखाल जगातील सर्वांत मोठे उष्ण कटिबंधीय वर्षावन मध्य आफ्रिकेत, काँगो नदीच्या खोऱ्यात आहे. त्याचा सर्वांत मोठा हिस्सा काँगो लोकशाही प्रजासत्ताकात येतो. या वनाचे खरे धन मात्र जमिनीखाली आहे. खोऱ्याच्या मध्यभागी सुमारे १,४५,५०० चौरस किलोमीटर दलदलीत पीटचे, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे, थर असल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. त्यांत सुमारे ३० अब्ज टन कार्बन साठला आहे. पाण्यामुळे तेथे प्राणवायू पोहोचत नाही, म्हणूनच तो टिकून आहे. पाऊस घटला किंवा चर खणून पाण्याचा निचरा केला, तर हाच कार्बन वातावरणात मिसळेल.

लाकूड कंपन्यांना ठरावीक जाडीचीच झाडे तोडून त्या पट्ट्यात २५ ते ३० वर्षे पुन्हा तोड न करण्याचे बंधन असते. पण येथील बहुतेक जंगलतोड फिरत्या शेतीसाठी होते, शिवाय शहरांतल्या चुली लाकडी कोळशावर चालतात. तेथवर हे नियम पोहोचत नाहीत. काँगो सरकारने २०२२ मध्ये पुकारलेला, पीटभूमीलाही स्पर्श करणारा तेलक्षेत्रांचा लिलाव २०२४ मध्ये रद्द झाला. २०२५ मध्ये मात्र नवी क्षेत्रे पुन्हा खुली करण्यात आली.