शिलेदार, बारगीर आणि बदाम

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या नातीची घोडेस्वारीची पहिली स्पर्धा झाली. वय वर्षं सात. आमच्या घराण्यात आजपर्यंत घोडा फक्त बुद्धिबळाच्या पटावर आला, किंवा लग्नाच्या वरातीत. दांड्यातली माणसं आम्ही, आमचं वाहन म्हणजे होडी. त्यामुळे लेकाने फोनवर "आई, तिला घोड्यावर बसायला शिकवतोय" असं सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग रात्रभर झोपले नाही.

तट्टाचं नाव बदाम. रंगही बदामीच. उंची जेमतेम १२ हँड. (घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. मोजतात ती खांद्याच्या उंचवट्यापर्यंत, डोक्यापर्यंत नाही. हे मला नातीने शिकवलं.) इंग्लंडात लहान मुलांच्या अशा स्पर्धा पुष्कळ वर्षं चालू आहेत, तिथला पोनी क्लब १९२९ सालचा. आधी मोठं माणूस दोरी धरून चालतं तो गट, मग दोरी सोडून मूल एकटं बसतं तो गट. या दुसऱ्या गटात पळण्याची शर्यत नसते. परीक्षक बघतात की जनावर शांत आहे का, मुलाचं ऐकतंय का, आणि दोघांची जोडी जमली आहे का. नातीची स्पर्धा साधारण याच धर्तीची होती.

तयारी चार महिने चालली होती. मी दोन-तीनदा बघायला गेले. मला वाटलं होतं, मुलीला उचलून वर बसवतील आणि फिरवतील. तसं काही नाही! आधी अर्धा तास खरारा. मग खुरं साफ करायची, त्यात खडा अडकला असेल तर काढायचा. घोड्याला आजूबाजूचं बहुतेक सगळं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि थेट मागचं दिसत नाही, म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूने, आणि बोलत बोलत. कान पुढे असले तर स्वारी खूश, मागे चिकटले तर सावध. मग डोक्यावर हेल्मेट, पाय रिकिबीत, टाचा खाली, नजर समोर. आधी नुसती चाल, मग दुडकी. दुडकीत मूल पोत्यासारखं आपटतं. तालावर उठायचं-बसायचं हे अंगात मुरायलाच दोन महिने गेले.

तट्टाचीही तयारी वेगळी. लाऊडस्पीकर, टाळ्या, फडफडणारी पताका, उघडणारी छत्री, हे सगळं त्याला आधी दाखवून ठेवावं लागतं. हे काम करणारे एक साईस आहेत. वय पन्नाशीच्या पुढे. नात त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही मामाच म्हणते.

आणि नेमकं जे व्हायचं ते झालंच. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी वाऱ्याने प्लास्टिकची पिशवी उडत आली, बदाम बाजूला उसळला आणि नात खाली. हाड मोडलं नाही, कोपर सोलवटलं. चूक कोणाचीच नव्हती. पण घरी मात्र रण पेटलं. सून म्हणाली, पुरे झालं. लेक म्हणाला, आपण तिला स्वतःचं तट्टू घेऊ, सतरा मुलं बसतात त्या जनावरावर भरवसा नको. आणि मला विचारलं, "आई, तुला काय वाटतं? तू इतिहास शिकवलास ना?"

आता मी शिकवला तो चौथीचा इतिहास, म्हणजे शिवछत्रपती. त्यात एक ठरलेला प्रश्न असायचा: शिलेदार आणि बारगीर यांतला फरक सांगा. उत्तरही ठरलेलं. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, बारगिराला दोन्ही सरकारातून मिळतात. मुलं घडाघडा म्हणायची. लेकाचा फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातलं भांडण हेच तर आहे! लेकाला मुलगी शिलेदार करायची आहे, आणि सध्या ती बारगीर आहे.

महाराजांनी भर दिला तो पागेवर, म्हणजे बारगिरांवर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. शिलेदाराच्या मनात आपला घोडा मरेल ही धास्ती असते, कारण घोडा गेला की पोटापाण्याचं साधनच गेलं. पागेचा घोडा सरकारचा. तो नीट राहतो की नाही हे बघणारी व्यवस्था वर असते. म्हणजे घोडा स्वतःचा नसला म्हणून स्वार कमअस्सल ठरत नव्हता. दांड्यातल्या माणसाला हे पटकन कळतं. होडी नाखव्याची असते, पण समुद्र खलाशालाही तेवढाच कळतो.

पण जोडी जमण्याचं काय? तिथे मात्र इतिहास धाक घालतो. झाशीची राणी लक्ष्मीबाई बिठूरला नानासाहेबांच्या बरोबरीने घोड्यावर बसायला शिकली. वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत झाशीला होते. त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये राणीच्या अश्वपरीक्षेची हकीकत आहे. विकायला आलेल्या दोन घोड्यांपैकी एक उत्तम, आणि दुसरा दिसायला चांगला असूनही छातीत दुखावलेला आहे, हे तिने ओळखलं. अशी ही पारखी बाई जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ पडली, तेव्हा तिच्याखाली नवा घोडा होता आणि तो ओढ्यापाशी अडला, असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. उत्तम स्वार, पण घोडा ओळखीचा नाही. मी लेकाला एवढंच सांगितलं, नवं तट्टू आणशील तर पहिल्यापासून सुरुवात. बदाम तिला ओळखतो.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट आठवली. मराठ्यांची ती भीमथडीची तट्टं, बुटकी, काटक, थोड्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल जाणारी, ती गेली कुठे? १८१८ ला पेशवाई गेली, फौजा मोडल्या, बारगीर-शिलेदार घरी बसले. पण तट्टं संपली नाहीत. ती धनगरांनी सांभाळली. देशावरून कोकणात उतरणारे धनगरांचे तांडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना आठवेल, तट्टाच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर कोकरं, कोंबड्या, आणि त्यांच्यात बसलेलं दोन-तीन वर्षांचं पोर. ना हेल्मेट, ना परीक्षक. आपल्याकडे लहान मुलाने घोड्यावर बसण्याची न तुटलेली परंपरा कुठली असेल तर ती ही. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ती या लोकांमुळे शक्य झाली.

मुंबईचा घोडा वेगळा. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं, तिथला हौशी स्वारांचा अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ चा. आमच्या लहानपणी आम्हाला हे जग लोकलच्या खिडकीतून दिसायचं तेवढंच. आमचा घोडा म्हणजे जुहूच्या चौपाटीवरचा, आणि वांद्रे स्टेशनबाहेरच्या घोडागाडीचा. दसऱ्याला त्या घोड्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा असत. पुढे दक्षिण मुंबईतल्या व्हिक्टोरिया तेवढ्या उरल्या, त्याही केवळ मौजेसाठी चालवणं बेकायदा असल्याचा निकाल उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये दिला. जनावरांचे हाल होत होते, निकाल योग्यच. पण त्या घोड्यांमागची माणसं गेली कुठे, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. तो पडला परवा. मामा सहज बोलता बोलता म्हणाले, "माझे वडील व्हिक्टोरिया हाकायचे."

२६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोउच्या एशियाडमध्ये भारताच्या चौघांनी ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं सुवर्ण ४१ वर्षांनी आलं. त्या चौघांत आपल्या मुंबईचा हृदय छेडा होता आणि दोन मुली होत्या, सुदिप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंह. ऑलिंपिकमध्येही मुलं-मुली एकाच स्पर्धेत उतरतात असा हा खेळ. ते दृश्य पाहूनच लेकाच्या डोक्यात हे खूळ शिरलं होतं.

तर स्पर्धा. त्या दिवशी मामा पहाटे चारला उठले. बदामला धुतलं, आयाळीच्या बारीक वेण्या घातल्या. मैदानाच्या कडेला उभे राहिले. आधी सगळ्यांची एकत्र चाल, मग दुडकी, मग एकेकट्याने आठचा आकडा काढून दाखवायचा. नातीचा आठचा आकडा वाकडा झाला. मध्येच लाऊडस्पीकर खरखरला, बदामचे कान मागे गेले. माझा जीव घशात. नातीने लगाम खेचला नाही. ती वाकून त्याच्याशी काहीतरी बोलली. कान पुढे आले.

ती पाचवी आली. स्पर्धक होते सात!

घरी आल्यावर तिने निकालाचा कागद दाखवला. स्वाराचं नाव, घोड्याचं नाव, मालकाचं नाव, गुण. मी विचारलं, "मामांचं नाव कुठे आहे?" ती म्हणाली, "आजी, त्यांचं नाव नसतं."

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. कारण सभासदाच्या बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद दिल्याची नोंद आहे. म्हणजे पाणी देणारा आणि नाल ठोकणारा यांना त्या काळच्या हिशेबात जागा होती. आणि मी? इतकी वर्षं चौथीला शिकवलं, शिलेदार-बारगिराचा फरक शेकडो मुलांकडून पाठ करून घेतला, पण घोड्याला पाणी कोण पाजायचं हा प्रश्न एकदाही फळ्यावर लिहिला नाही.

नातीने पेन्सिल घेतली आणि त्या कागदावर बदामच्या नावाखाली मामांचं नाव लिहिलं. पहिली वेलांटी दुसरी केली होती. मी दुरुस्त केली नाही.

तट्टू विकत घेण्याचा विषय सध्या मागे पडला आहे. पुढची स्पर्धा थंडीत आहे. बघू.