ही आळशांची पळवाट नव्हे

वजन घटवण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना ‘जिभेवर ताबा नाही, म्हणून सुरी’ असं सर्रास ऐकवलं जातं. या उपचाराचा इतिहास वेगळं सांगतो. सुरुवात फसली होती, हे खरं. १९५४ साली मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी लहान आतड्याचा बराच भाग वगळण्याची कल्पना मांडली. पुढे रूढ झालेल्या पद्धतीत आतड्याच्या सुरुवातीचे सुमारे ३५ आणि शेवटचे १० सेंटिमीटर एवढेच अन्नाच्या वाटेवर उरत. वजन उतरे, पण जुलाब पाठ सोडत नसत, मुतखडे होत, काहींचं यकृत निकामी होई. अखेर ही शस्त्रक्रिया बंदच पडली. आयोवातल्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये जठर लहान करण्याची वेगळी दिशा धरली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेले रुग्ण बारीक होतात, हे निरीक्षण त्यामागे होतं.

मग नुसत्या पथ्याने भागलं नसतं का? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासाने २००७ मध्ये दाखवलं, की नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण कमी होतं. धोका संपत नाही, कष्टही संपत नाहीत: छोटे घास, आयुष्यभर जीवनसत्त्वांच्या गोळ्या, ठरावीक काळाने रक्ततपासणी. घरात कुणी हा निर्णय घेत असेल, तर टोमणे आवरा आणि त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जा.