रस्सीखेचीच्या दोराचं दुसरं काम

माणसांना ओसाड बेटावर सोडायचं आणि भोवती कॅमेरे लावायचे, या खेळाचं मूळ सहसा डॅनिएल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’त (१७१९) शोधलं जातं. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याच्या कल्पनेवरून १९९७ मध्ये स्वीडनमध्ये आलेल्या मालिकेचं नावही ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’. २००० मध्ये अमेरिकेत ‘सर्व्हायव्हर’ आली, २०१२ मध्ये स्टार प्लसवर तिची भारतीय आवृत्ती.

पण क्रूसो कितीतरी वर्षं एकटा होता. टीव्हीवर असतात दोन टोळ्या, त्यांचे वेगळे तळ, वेगळे झेंडे, शर्यती आणि बक्षिसं. हे सगळं जसंच्या तसं सापडतं ते १९५४ च्या उन्हाळ्यात, ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्हच्या रानात.

मुजफ्फर शरीफ या तुर्की वंशाच्या मानसशास्त्रज्ञाने तिथे अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलांच्या लेखी ती निव्वळ सुट्टी होती. दोन गट वेगवेगळे आणले गेले आणि जवळजवळ आठवडाभर एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. एक गट झाला ‘रॅटलर्स’, दुसरा ‘ईगल्स’. मग बेसबॉल, रस्सीखेच, विजेत्यांना पदकं आणि खिशातले चाकू. रस्सीखेचीत हरलेल्या ईगल्सनी रॅटलर्सचा झेंडा जाळला. पुढे एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या.

या खेळाचं मूळ म्हणून बेटावरच्या मुलांची गोष्ट सांगणाऱ्या विल्यम गोल्डिंगच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ या कादंबरीचा दावा इथे हमखास पुढे येतो. तो टिकत नाही. कादंबरी प्रसिद्ध झाली सप्टेंबरमध्ये. शिबिर तोवर संपलं होतं. शिवाय गोल्डिंगची मुलं आपली आपण फुटतात. रॉबर्स केव्हमध्ये मात्र मोठी माणसं पडद्याआडून डाव मांडतात, आणि टीव्हीचा निर्माता नेमकं तेच करतो.

वेगळ्या तळांचं महत्त्व शरीफला ठेच लागून कळलं होतं. १९५३ मध्ये न्यू यॉर्क राज्यातल्या मिडल ग्रोव्हला त्याने मुलांना आधी एकत्र ठेवून नंतर त्यांचे दोन संघ पाडले. मैत्री आधीच जुळली होती. मुलं आपसात भांडेनात, उलट त्यांना शिबिर चालवणाऱ्यांचाच संशय आला. प्रयोग गुंडाळावा लागला. ‘सर्व्हायव्हर’च्या टोळ्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या किनाऱ्यांवर का, याचं याहून नेमकं उत्तर क्रूसोच्या बेटावर मिळत नाही. हा वारसा रचनेतून आलेला आहे, आणि रचनेची साक्ष नावापेक्षा भक्कम असते.

मात्र टीव्हीने प्रयोगाचा पहिला भागच उचलला. शेवटी शरीफने शिबिराचं पाणी तोडलं. दोन्ही गटांना टाकीपर्यंतच्या नळातला बिघाड मिळून शोधावा लागला. जेवण आणणारा ट्रक बंद पडला, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर बांधून तो एकजुटीने ओढला. ‘सर्व्हायव्हर’मध्येही टोळ्या एक होतात, पण त्यानंतरही दर फेरीला कुणाला तरी मत देऊन घालवायचंच असतं.

हा राहिलेला भाग २००७ मध्ये ‘सर्व्हायव्हर’ दाखवणाऱ्या सीबीएस या अमेरिकी वाहिनीच्याच ‘किड नेशन’मध्ये दिसला. न्यू मेक्सिकोतल्या एका गावात ८ ते १५ वर्षांच्या ४० मुलांना ४० दिवसांसाठी ठेवलं. मतदानाने कुणी बाहेर जात नसे. चार रंगांच्या चार गटांत शर्यत होई, पण चारही गटांनी काम वेळेत संपवलं तरच अख्ख्या गावाला बक्षीस. पहिल्याच भागात मुलांपुढे निवड होती: टीव्ही की आणखी सात संडास? गावात तेव्हा एकच संडास होता. मुलांनी संडास घेतले. डिसेंबरमध्ये मालिका संपली; दुसरा हंगाम निघाला नाही.