शहाजीराजपुरम् : वादाचे गाव आणि एक विहीर

कुंभकोणमजवळ, कावेरीच्या काठी तिरुविशनल्लूर हे गाव आहे. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांनी १६९३ साली ते चाळीसांहून अधिक पंडितांस अग्रहार म्हणून दिले, आणि त्याचे नाव शहाजीराजपुरम् झाले. राजे स्वतः तेलुगू व मराठीत नाटके रचीत. या पंडितांत ‘जानकीपरिणय’ नाटकाचे कर्ते रामभद्र दीक्षित होते, आणि राजांवर ‘शाहेन्द्रविलास’ हे काव्य रचणारे श्रीधर वेंकटेशही होते. त्यांना लोक ‘अय्यावाळ’ म्हणत.

अशा गावात टीका हा नित्याचा व्यवसाय असणार. शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे त्यानेच मान डोलवावी इतक्या नेमकेपणाने सांगावयाचे, खंडन त्यानंतर. समोरच्याला असे का वाटते हे जाणण्याची खरी इच्छा नसेल, तर पूर्वपक्ष साधतच नाही. आम्ही सरकारी नोकरीत तीस वर्षे घालविली. तेथेही आक्षेप नोंदविण्यापूर्वी खुलासा मागविण्याचा नियम आहे. तो किती पाळला जातो, हे न बोललेले बरे!

परंतु याच गावाची एक कथा आम्हांस वारंवार अस्वस्थ करते. अय्यावाळांच्या घरी श्राद्ध होते. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यावयाचे होते. इतक्यात त्या काळी अस्पृश्य मानलेला एक भुकेला मनुष्य दारी आला. अय्यावाळांनी श्राद्धाचे अन्न त्याला वाढले. ब्राह्मणांनी जेवण नाकारले आणि गंगास्नानाचे प्रायश्चित्त सांगितले. काशी कोठे, कावेरी कोठे! अय्यावाळांनी गंगेचे स्तोत्र रचले, आणि घरामागील विहिरीतून गंगा उसळून रस्त्यावर वाहू लागली, असे परंपरा सांगते.

चमत्काराचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. आमचे लक्ष त्याआधीच्या क्षणाकडे जाते. जेथे पूर्वपक्षाखेरीज खंडन करणे कमीपणाचे, तेथे शेजाऱ्यावर ठपका ठेवताना कोणी पूर्वपक्ष मांडल्याचे कथा सांगत नाही. कोणता नियम मोडला, हे सर्वांना ठाऊक होते. तो मनुष्य किती दिवसांचा उपाशी होता, हे कोणी विचारले नाही. ग्रंथातली जिज्ञासा उंबरठ्यापाशी थांबली. आणि अय्यावाळ? एवढा शास्त्रज्ञ वाद घालू शकला असता. तो घातला नाही. हे मौन आम्हांस पूर्वी दुबळेपणाचे वाटे. आता वाटते, प्रायश्चित्त त्यांनी स्वीकारले, पण वाढल्याचा पश्चात्ताप केल्याचे कथेत कोठेही नाही. टीका शिरावर घ्यावी आणि कृत्य मात्र मागे घेऊ नये, अशीही एक रीत असते.

कार्तिकै महिन्याच्या अमावास्येस आजही त्या विहिरीवर स्नानासाठी रीघ लागते. आम्ही गेलो तेव्हा गर्दीचा दिवस नव्हता. आमच्या सोबतच्या मुलीने विहिरीत वाकून पाहिले आणि विचारले, “मग त्या माणसाचे नाव काय होते?” कथेत ते नाही.